कृष्णाला पावडर कशाला?

मंडळींनो, आज शाळेच्या फळ्यावर सुविचार नाही, माझा अनुभव लिहितो आहे.

सकाळी गोकुळाष्टमीच्या नाटकाची तालीम होती. नेहमीप्रमाणे मी वाटीत काजळ खलत बसलो. काजळ पूतना राक्षसिणीला, आणि कारंजाच्या बाजारातून आणलेली पावडर कृष्णाला. गोंड वस्तीतली चौथीची सुगंधा गेली तीन वर्षं पूतनाच बनते आहे. तिचा आवाज शाळेत सगळ्यांत गोड, पण पात्रं वाटताना मी फक्त तिचा रंग पाहिला.

"गुरुजी, हिले काजळ कायले लावता? वाया जाईन!" यंदाचा कृष्ण, बबन म्हणाला. पोरं हसली. मीही हसलो.

सुगंधा रडली नाही. म्हणाली, "किसनदेव तं काळाच होता ना? मंग बबनले पावडर काऊन लावता? मी नाई येत उद्यापासून शाळेत." आणि निघून गेली.

रोज भजनात सावळ्या देवाला आळवणारा मी, दर अष्टमीला त्यालाच पांढरा करत होतो. काळं म्हणजे राक्षस, हे पोरं घरी शिकली असतील. उजळणी मात्र मी करून घेतली.

दुपारी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. तिची आई एवढंच म्हणाली, "लेकराले हासू नका गुरुजी."

कृष्णाचं काम गेलं म्हणून बबन आधी रुसला, मग म्हणाला, "मले बलराम करा. तो तं गोराच होता!"

मंडळी, आपल्यापैकी किती घरांत मुलीला लाडानं 'काळे' म्हणून हाक मारतात?

संध्याकाळच्या तालमीला सुगंधा आली. तिच्या चेहऱ्याला काहीही न लावता मी बासरी तिच्या हाती दिली.