आमचे व्याही आणि फुकटचं पाणी

फुकट मिळालेली वस्तू आनंदाने घरी नेणारी माणसं सगळीकडे असतात. ती उलटी करून तिच्या तळाशी काय लिहिलंय ते आधी वाचणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच, आणि ते म्हणजे आमचे व्याही. खडकीच्या एका कारखान्यात माल तपासून नापास करण्यात त्यांची सगळी हयात गेली, आणि निवृत्तीनंतर बिबवेवाडीत राहायला आल्यावर त्यांनी उरलेलं जग तपासायला घेतलं. आमच्या मुलीला पाहायला आले तेव्हा पोहे संपवून म्हणाले, "मुलगी उत्तम आहे. आता दोष काय तो सांगा, म्हणजे आम्हाला शोधत बसायला नको." कंपन्यांच्या समाजसेवेवर तर त्यांचा खास डोळा. बूट बनवणाऱ्या एका कंपनीने लोकांच्या आरोग्यासाठी पहाटे चालण्याचा कार्यक्रम ठेवला, तर म्हणाले, "जुने झिजवायला बोलावलंय." एका बँकेने ज्येष्ठांना बचत शिकवायला वर्ग घेतला, तिथे हे पहिल्या रांगेत बसले, सगळं वहीत उतरवून घेतलं आणि शेवटी अतिशय नम्रपणे विचारलं, "आपण सांगितलंत ते सगळं दुसऱ्या बँकेत केलं तर चालेल ना?"

गंमत अशी, की त्यांचाच मुलगा, म्हणजे आमचे जावई, हिंजवडीत पाणी शुद्ध करणारी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत, आणि तेही सीएसआर, म्हणजे कंपनीच्या समाजसेवेच्या विभागात. त्यांच्याकडे जेवायला गेलं की बापलेकांची हटकून जुंपायची. "बाबा, पाण्याची कंपनी पाण्याचंच काम करणार ना? जे आपल्याला येतं त्यातूनच समाजाला द्यायचं. आमच्याकडे याला कोअर बिझनेसशी अलाइन करणं म्हणतात," जावई समजावायचे. व्याही आमटी भुरकत म्हणायचे, "करा की अलाइन. फक्त देणं कुठे संपतं आणि विकणं कुठे सुरू होतं, ती रेघ मला दाखव."

शेवटी कंटाळून जावयांनी गेल्या वर्षी आम्हा दोघांना हिंजवडीपलीकडच्या एका शाळेत नेलं. कंपनीने बसवलेलं यंत्र, त्यावर कंपनीचं एवढं मोठं नाव, शेजारी कंपनीच्या साहेबांचा हसरा फोटो. व्याह्यांनी फोटोकडे पाहिलंही नाही. गुडघ्यावर हात टेकून ते यंत्राच्या मागे वाकले आणि विचारलं, "हा लाल दिवा कधीपासून लागलाय?"

मुख्याध्यापिका बाई जावयांकडे बघत अडखळल्या. "दोन महिने झाले. आतला फिल्टर बदलायचाय. तो यांच्या कंपनीचाच लागतो, दुसरा बसत नाही. यंत्र भेट मिळालं, पण फिल्टर विकत घ्यावा लागतो, आणि शाळेला तो परवडत नाही. मुलं परत नळाचंच पितात."

मला वाटलं, आता व्याही काहीतरी लागट बोलणार. पण मुलाचा उतरलेला चेहरा पाहून ते नुसते म्हणाले, "तुला माहीत नव्हतं ना?"

"नव्हतं, बाबा. आम्ही फक्त बसवलेली यंत्रं मोजतो."

सोमवारी जावयांनी ऑफिसच्या मीटिंगमध्ये सरळ सांगितलं, की फिल्टरही द्या, नाहीतर याला समाजसेवा म्हणू नका. साहेबांनी मान डोलावली. तीन महिन्यांनी सगळ्या शाळांना पत्र गेलं, की पाच वर्षं फिल्टर कंपनीच बदलून देईल. त्यानंतरच्या आठवड्यात जावयांची बदली विक्री विभागात झाली. कारण कोणी सांगितलं नाही, आणि घरात कोणी विचारलंही नाही.

परवा संध्याकाळी त्यांच्या सोसायटीतल्या बाकावर आम्ही दोघेच बसलो होतो. व्याही खालच्या आवाजात म्हणाले, "अहो, खरं सांगा. त्या दिवशी मी वाकून बघायला नको होतं का?"

"मुलांना चांगलं पाणी मिळतंय हो," मी म्हणालो.

"मिळतंय. दोनदा जाऊन बघून आलो. आमचा हा रोज सकाळी कंपनीची बस पकडायला निघतो, तेव्हा मी बाल्कनीत उभा असतो. वळून हात करतो मला, अजूनही करतो. पण मनापासून करतो की मी उभा आहे म्हणून, ते काही मला इतक्या वरून कळत नाही."