काडतुसाला मुरड

काडतुसाचं तोंड बंद करायच्या दोन रीती आहेत, आणि मला दोन्हींतलं ओ की ठो कळत नव्हतं. करंजीला मुरड घालायला सांगा, डोळे मिटून घालते. पण बारा बोरचं काडतूस म्हणजे करंजी नव्हे. तोंड ढिलं राहिलं तर बार फुसका जातो म्हणतात, आणि फार आवळलं तर काय होतं ते मला कुणी धड सांगेना.

आमचं शेत चोरखमारा तलावाच्या कालव्याखाली. धान लोंबीला आलं की रानडुकरं उतरतात. त्यांना पळवायला हवेत बार काढायचा, त्यासाठी घरात बंदूक, आणि काडतुसं घरी भरायची परवानगीही. आमचे हे वारले, तेव्हा कचेरीच्या चकरा मारमारून मी लायसन्स माझ्या नावावर करून घेतलं. लगेच इलेक्शन लागलं आणि बंदूक ठाण्यात जमा झाली. डुकरांना आचारसंहिता नसते. त्यांनी खालच्या बांधीतलं सगळं धान लोळवून ठेवलं.

बंदूक परत आली तेव्हा ह्यांनी भरलेल्या काडतुसांचा एक डबा कपाटात तसाच होता. ती मला उडवायची नव्हती, डबा उघडायचाही धीर होत नव्हता. ह्यांच्या हातचं घरात तेवढंच उरलं होतं. ठरवलं, आपण नवी भरू, पण तोंड मात्र हे लावायचे तसंच लावू.

तसं म्हणजे कसं? काडतुसं भरताना हे खोलीचं दार लावून घेत. मी डोकावले की, "तुले का समजते याच्यातलं? जाय, चाय मांड." मी चहा मांडायची.

म्हणून सासऱ्यांना विचारलं. "गोल मुडप, बाई," ते म्हणाले. "वर पुठ्ठ्याची चकती ठेव, अन् काठ आत वळव. माजा पोरगा गोलच मुडपे."

दीर तिथेच बसला होता. "काही नाही, भाभी. दादा त घडीच घाले. काठाच्या घड्या, मधात मिटवून. पण तू काऊन एवढा ताप घेऊन राहिली? बंदूक माझ्या नावानं करून टाक, झंझटच खतम."

बाकी काही कळलं नाही, तरी हे शेवटचं मला पक्कं कळलं. माझा पहिला बार फुसका गेला की बंदूक त्याच्या घरी जाणार.

काडतुसाच्या रिकाम्या नळ्यांवर दोन्ही करून पाहिलं. गोल मुडपलेलं वाकडं आलं. घडीचं नीट मिटेना. बाप खोटं कशाला बोलेल, असं वाटायचं. मग वाटायचं, भाऊ तरी कशाला बोलेल? डोक्याचा पार भुगा झाला.

शेवटी जीव घट्ट करून डबा ओट्यावर ओतला. काही काडतुसं गोल मुडपलेली होती, काही घडीची. तळाला रिकाम्या नळ्या होत्या. त्यांतल्या एकीला आधी घडी घातलेली, मग ती उलगडून गोल मुडपलेली, काठ पार फाटायला आलेला.

मला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग तिथेच ओट्याला टेकून मी रडले. ह्यांनाही कळत नव्हतं! म्हणून दार लावून बसायचे. एवढी वर्षं मी बाहेर चहा मांडत राहिले. दार उघडं ठेवलं असतं तर शेजारी बसून मीही चुकले असते.

मी घडी घातली. बोटांना ती ओळखीची वाटली, एवढंच कारण. बरोबर होती की नाही, देव जाणे. दिवेलागणीला बांधावर उभी राहून हवेत बार काढला. खांदा ठणकला, कान बधिर झाले, आणि डुकरं पळाली तशी धानातली सळसळ कालव्याकडे सरकत गेली.

घरी दोघे वाट पाहत होते.

"आवाज त मोठा आला," सासरे म्हणाले. "कोनतं तोंड लावलं?"

"त्यांच्यासारखंच," मी म्हटलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मी सांगत नव्हतो का, असं. मी बंदूक माझ्या खोलीत नेऊन ठेवली आणि दार उघडंच राहू दिलं.