मार्थाबाईंचं वाचन

आळेफाट्यावर माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. दुकानात जळालेल्या मोटरी साठतात आणि डोक्यात आमच्या मंडळींचे किस्से. मोटरी निदान दुरुस्त तरी होतात.

आमची मंडळी म्हणजे मंचरपासून ओतूरपर्यंत विखुरलेली कॅथलिकांची नऊ घरं. कॅलेंडरात रोज कुणी ना कुणी संत असतो, रोजचं बायबलचं वाचनही ठरलेलं असतं. आमच्यापैकी कुणाच्या नावाच्या संताचा सण आला की संध्याकाळी चॅपलमध्ये प्रार्थना, त्या दिवसाचं वाचन, आणि मग ज्याचा सण त्याच्याकडून सगळ्यांना चहा. ही आमची रीत. सण कुणाचाही असो, चहा करतात मार्थाबाई. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. चॅपलच्या मागे पत्र्याची खोली आहे, तिथे गॅस आणि त्यांचं मोठं पातेलं.

मार्थाबाईंचा सण जुलैअखेर येतो. त्या दिवशीही चहा त्याच करतात. पत्र्यावर पाऊस वाजत असतो, आतलं काही ऐकू येत नाही. बायबलातल्या आपल्या नावाच्या बाईचं वाचन एकदा बाकावर बसून नीट ऐकायचं, एवढीच त्यांची हौस. आम्हा सगळ्यांना हे ठाऊक होतं, आणि आम्ही दर वर्षी कप पुढे करत होतो.

*

सायमन सर रिटायर्ड हेडमास्तर. पहाटे पाचला आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आजचा संत आणि आजचं वाचन टाकतात. त्याखाली ‘आमेन’ची रांग लागते. कोण आधी आमेन टाकतो याची चढाओढच असते म्हणा ना.

एकदा सरांचं बोट चुकलं. वाचनाच्या जागी, उद्या दिवसभर लाईट बंद राहणार, असा मेसेज गेला. पाच मिनिटांत अकरा आमेन! एकानं वर हात जोडलेले. तिसरं आमेन माझं होतं, ते लपवण्यात अर्थ नाही.

मार्थाबाईंकडे साधा बटणाचा फोन. त्या ग्रुपवर नाहीत. त्या सकाळी दुकानात येऊन विचारतात, “भाऊ, आज कोन संत?” मी नाव सांगतो. “त्यानं काय केलं व्हतं?” इथे माझी पंचाईत होते, कारण तेवढं खाली मी वाचलेलंच नसतं.

*

लुकासभाऊंची मोटरसायकलची किल्ली हरवली. हरवलेल्या वस्तूंसाठी संत अंतोनीला साकडं घालतात. भाऊंनी तीन दिवस मेणबत्त्या लावल्या आणि चौथ्या दिवशी किल्ली मिळाली, त्यांच्याच जाकिटाच्या आतल्या खिशात. रविवारी भाऊंनी डोळे पुसत सगळ्यांसमोर साक्ष दिली. सगळे गहिवरले.

मार्थाबाई कप गोळा करत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “खिसा तपासायला बी संतालाच लावलं का?”

*

स्तेफनचा किस्सा माझ्या धंद्यातला. मे महिन्यात शेतकऱ्यांचा संत इसिदोर येतो. हा प्रार्थनेत रमला की देवदूत येऊन त्याचा नांगर धरत, असं सांगतात. स्तेफननं एवढंच उचललं. सणाच्या दिवशी विहिरीवरची मोटर चालू करून पठ्ठ्या चिंचेखाली जपमाळ घेऊन बसला आणि घोरू लागला. विहिरीनं तळ गाठला तरी मोटर कोरडीच फिरत राहिली.

संध्याकाळी घरी गेला तर बायको दारातच उभी. म्हणाली, “देवदूत येऊन गेलं. मोटर जळाली म्हनून सांगत व्हतं.”

मोटर माझ्याकडे आली. आत तांब्याच्या तारेचा नुसता कोळसा झाला होता.

*

सायमन सर वाचतात ते रेडिओवर बातम्या दिल्यासारखं. चष्मा नाकावर, आवाज पोटातून. एकदा नोहाच्या जलप्रलयाचं वाचन चालू होतं. नोहानं तारवातून कबूतर सोडलं आणि सरांनी एकदम दोन पानं उलटली. तिथून सर थेट अब्राहामाच्या तंबूत. कुणाला पत्ता नाही. शेवटी सगळ्यांनी देवाचे आभार मानले, बाक सरकले.

मागच्या दारात मार्थाबाई उभ्या होत्या. त्या दिवशी पाऊस नव्हता, त्यांना सगळं ऐकू आलं होतं. “सर, ते कबूतर माघारी आलं का न्हाई?”

सर म्हणाले, पुढच्या रविवारी बघू. हे आमचे भाविक!

*

मार्थेच्या सणाला सर दर वर्षी तेच सांगतात. येशू मार्थेच्या घरी आला, तिची बहीण मरिया त्याच्या पायाशी बसून ऐकत राहिली, मार्था चुलीपाशी राबत राहिली आणि शेवटी चिडली. तर मंडळी, कामं बाजूला ठेवा, बसा, ऐका. एवढं सांगून झालं की मागच्या दाराकडे तोंड करून विचारतात, “मार्थाबाई, झाला का चहा?”

यंदा महिनाभर आधी मार्थाबाई दुकानात आल्या. “भाऊ, औंदा मला आत बसायचंय.” मी सरांना सांगितलं. सरांनी मीटिंग घेतली. तासभर चर्चा झाली, चहा कुणी करायचा यावर. नऊ घरांतल्या एकाही माणसाला पन्नास कपांचा अंदाज येत नव्हता म्हणे. मी पण मुंडी खाली घालून बसलो होतो, माझी मला लाज वाटते. ठरलं असं की मार्थाबाईंनी दूध गॅसवर ठेवावं आणि मग आत येऊन बसावं.

त्या दिवशी त्या आल्या. धुवट पांढरं लुगडं, डोक्यावर पदर. पहिल्या बाकावर बसल्या, हात मांडीवर. इतक्या वर्षांत मी त्यांचे हात पहिल्यांदाच रिकामे पाहिले.

सरांनी वाचन सुरू केलं. येशू घरात आला. मरिया पायाशी बसली. मार्थेची धावपळ चालली. मग ती येऊन म्हणाली, प्रभू, माझ्या बहिणीला सांगा, मला कामात हातभार लाव म्हणून.

आणि मागून करपल्या दुधाचा वास आला.

सर थांबले. माना वळल्या. मागच्या दाराकडे एकानंही पाहिलं नाही, सगळ्यांनी पाहिलं ते मार्थाबाईंकडे. सरांनी पुस्तकात बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, “मार्थाबाई, दूध उतू गेलंय वाटतं.”

मार्थाबाई जागच्या हलल्या नाहीत.

“जाऊ द्या की, सर. तुमी वाचा. मग काय म्हनला येशू तिला?”