पत्त्याचा रकाना

अर्धवट भरलेला फॉर्म दिसला की माझं डोकं फिरतं. जयपूरच्या कॉलेजात वीस वर्षं शिकवून ही खोड पक्की झाली आहे. मुलांचे अर्ज मी वाचत नाही, फक्त रिकाम्या जागा शोधते आणि परत करते. नवरा म्हणतो, यम न्यायला आला तरी ही आधी त्याचे कागद तपासेल.

या खोडीपायी गेल्या महिन्यात माझी झोप उडाली.

बनी पार्कमधल्या एका छोट्या ऑफिसात दर गुरुवारी दुपारी धंदा करणाऱ्या नऊ बायका जमतात. अर्ज लिहायला कुणीतरी हवं म्हणून एका मैत्रिणीनं मला तिथे नेलं आणि मी अडकले. त्यांचं म्हणणं साधं आहे. स्वतःच्या मर्जीनं धंदा करणं हा गुन्हा नाही, पण दोघींनी मिळून एका खोलीत केला की ती खोली कोठा, म्हणजे कुंटणखाना ठरते आणि पोलिसांची धाड पडते. जाणूनबुजून खोली देणारा घरमालक अडकतो. आणि आईच्या कमाईवर जेवणारं पोर अठरा वर्षांचं झालं की तेही गुन्हेगार. राज्य सरकारनं आपले नियम बदलावेत आणि कायदा बदलण्यासाठी दिल्लीला लिहावं, असं निवेदन आम्ही तयार केलं.

त्यांच्यातल्या थोरलीला सगळ्या जीजी म्हणतात. तिच्या तर हे दाराशीच येऊन ठेपलं होतं. तिची मुलगी नर्सिंगला आहे आणि तिला नुकतंच अठरावं पूर्ण झालं. झोटवाड्यात त्यांची भाड्याची खोली आहे, धंद्यातलीच आणखी एक मैत्रीण सोबत राहते. जीजी शिवणकाम करते, एवढंच घरमालकाला ठाऊक आहे.

सह्यांच्या कागदावर मी पट्टी धरून रकाने आखले. नाव, पत्ता, सही किंवा अंगठा. पहिल्या ओळीत निवेदन देणारी म्हणून माझं नाव आणि दुर्गापुऱ्यातला फ्लॅट.

"मॅडमजी, पता भी?" जीजीनं विचारलं.

"पता नहीं होगा तो सरकार जवाब कहाँ भेजेगी? एक भी जगह खाली नहीं रहनी चाहिए," मी वर्गात बोलते तशी बोलले.

बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. तेव्हाच मला कळायला हवं होतं. अक्षर चांगलं म्हणून जीजीच्या मुलीनं कागद भरायला घरी नेला. अर्ज द्यायच्या दिवशी तिनं तो मला सरकारी कचेरीच्या फाटकापाशी आणून दिला. मी वरून खाली नजर फिरवली, एकही रकाना रिकामा नव्हता, आणि समाधानानं खिडकीत सरकवला.

बाराव्या दिवशी चौकशीला फोन केला, तर तिथला बाबू अगदी खुशीत म्हणाला, "आपकी अर्ज़ी थाने भिजवा दी है जी. पते पर जाकर पूछताछ कर लेंगे, रिपोर्ट आ जाएगी."

मी मटकन खाली बसले. ज्या धाडींपासून वाचवा म्हणून अर्ज केला, त्या धाडी घालणाऱ्या पोलिसांच्या हातात मीच नऊजणींचे पत्ते नेऊन दिले होते. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, आणि त्याही नीट रकाने आखून.

जीजीचा फोन बंद होता. मी रिक्षा पकडली. झोटवाड्यापर्यंत मला एकच चित्र दिसत होतं, जिन्यात शिपाई, वर घरमालक आणि रस्त्यावर काढून ठेवलेली पेटी. त्या मुलीचं कॉलेज सुटणार, वर तिच्यावरच गुन्हा लागणार. सिग्नलला थांबला म्हणून मी रिक्षावाल्या भैयावरही खेकसले.

खोलीचं दार उघडंच होतं. कुकर शिट्टी देत होता, मुलगी पुस्तक घेऊन बसली होती. मी दारातूनच सगळं धडाधड सांगितलं आणि माफी मागितली.

मुलगी गोंधळून म्हणाली, "आंटी, आपने लिस्ट पढ़ी नहीं थी?"

माझ्या पत्त्याखाली नऊच्या नऊ ओळींत तिनं 'उपरोक्त' लिहिलं होतं. वरचाच पत्ता. "आपने कहा था, जगह खाली नहीं रहनी चाहिए. मम्मी बोलीं, मॅडमजी के घर पुलिस भी जूते उतारकर जाएगी."

"मेरा घर?" माझ्या तोंडून निघून गेलं.

सोसायटीचे सेक्रेटरी, प्रिन्सिपॉल, नवरा, सगळे डोळ्यांपुढे आले. नऊ बायका, एक फ्लॅट, आणि यादीत सगळ्यात वर मी. मीच लिहिलेल्या निवेदनाप्रमाणे माझं घर आता कागदावर कोठा होतं आणि मी तो चालवणारी. दोन मिनिटांपूर्वी मी जीजीसाठी थरथरत होते. आता स्वतःसाठी थरथरत होते, आणि ही थरथर जास्त होती. मला त्याची लाज वाटली, पण थरथर काही थांबली नाही.

जीजीनं पाण्याचा ग्लास हातात दिला. "डर लगता है ना?" ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. "उस दिन हमें भी यही लगा था."

मुलगी म्हणाली, "आप कहें तो हम थाने जाकर अपना पता लिखवा आएँ?"

"नहीं" म्हणायला मला तो ग्लास संपवावा लागला.