चंद्रीचा मातीचा बैल

मी बालवाडीचं अंगण झाडायला घेतलं की केरापेक्षा किस्सेच जास्त निघतात. लोक ऐकून हसतात. मला अजून हसू येत नाही.

बाहत्तरचा दुष्काळ सरला आणि रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात बालवाडी आली. जागा कुठं, तर मारुतीच्या देवळात. आमी बौद्ध होऊन किती वर्षं लोटली, पण गावाच्या तोंडातनं आमचं जुनं नाव जात नव्हतं. गावची पोरं आत चटईवर, आमची पोरं खालच्या पायरीवर, उन्हात. माझी नात चंद्री त्यातच.

मी शिकवणाऱ्या बाईंना म्हणालो, "बाई, पोरं शिकाय आल्यात, दर्शनाला न्हाई."

"तात्या, गावापुढं माझं काय चालतंय?"

*

साताऱ्याहून साहेब तपासणीला आले. त्या दिवशी वर्ग लिंबाखाली, सगळी पोरं एका रांगेत. साहेब खूश. "आदर्श बालवाडी!"

जीपचा धुरळा बसायच्या आत चटया पुन्हा देवळात गेल्या. चंद्री पायरीवर बसली न् म्हणाली, "आबा, सायब रोज का येत न्हाई?"

*

एकदा बाईंनी सांगितलं, पाटीवर आपलं घर काढा. चंद्रीनं छप्पर काढलं, दारात कोंबडी काढली.

"तुळस कुठाय गं?"

"आमच्यात न्हाई, बाई."

"मग ते घर वाटत नाही." बाईंनी कोंबडी पुसली आणि तुळस काढून दिली.

सांजच्याला पाटी दाखवत पोरगी मला विचारती, "आबा, ह्ये कुनाचं घर?"



*

बेंदूर आला, बैलांचा सण. ओढ्याची माती मीच आणून दिली. पोरांनी बैल केले, बाईंनी ते अंगणात एका ओळीत वाळत ठेवले. चंद्रीचा बैल मान वळवून पाठ चाटत होता.

सरपंच आले. म्हणाले, देवाम्होरं ठेवायला एक झकास बैल पायजे. त्यांनी नेमका तोच उचलला. बाई बाकीचे बैल सरळ करत राहिल्या. सरपंचांनी बैल गाभाऱ्यात ठेवला, गुलाल लावला, पुरणपोळीचा निवद दावला. अख्खं गाव पाया पडलं.

मग सरपंचांनी हौसेनं विचारलं, "कुनाच्या हातचा रं ह्यो?"

"माजा," चंद्री पायरीवरनं म्हणाली.

निवदाचं ताट धरलेली गावातली एक बाई दोन पावलं मागं सरली. सरपंच लालभडक होऊन माझ्याकडं वळले, "म्हाताऱ्या, काढ त्यो बैल भाईर!"

मी पायरीखाली हात जोडले.

"सरपंच, मला आत यायची बंदी हाय. तुमीच काढा की."

सरपंचांनी हात पुढं केला. बैलाजवळ नेला. आणि मागं घेतला.