अकरा रोपं

चिंतामण वैशंपायन हा हवालदार जयसिंगराव भोइट्यांच्या शेजारी पाच वर्षं राहिला, असं गल्लीत सगळे म्हणत. खरं पाहिलं तर ती अडीचच भरतात. मध्यभारताची राजधानी तेव्हा उन्हाळ्यात इंदूरला आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला असायची. चिंतामण सचिवालयात कारकून होता. दर ऑक्टोबरात तो फायलींच्या पेट्यांबरोबर ग्वाल्हेरला जायचा आणि एप्रिलात त्याच पेट्यांबरोबर परत यायचा. त्यामुळं जयसिंगरावांच्या अंगावर साधी शालसुद्धा त्यानं कधी पाहिली नाही. थंडीत ते काय खातात, कुणाशी बोलतात, दिवा लावतात की तसेच बसून राहतात, यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. जे ठाऊक होतं ते बहुतेक गवताबद्दलचं. एवढ्या शिदोरीवर एखाद्या माणसाची गोष्ट सांगू नये, असं त्याला पुढंही अनेकदा वाटलं.

दोघांची घरं परदेशीपुऱ्याच्या टोकाला, गिरणी कामगारांच्या चाळी जिथं संपतात तिथं होती. जयसिंगराव होळकरांच्या पलटणीत होते. राज्य विलीन झालं, पलटण मोडली, आणि ते एक लोखंडी ट्रंक व एक दुखरा गुडघा घेऊन घरी आले. बायको आधीच गेली होती. मुलगी शांता देवासला दिलेली. मुलगा प्रतापराव लढाईत ब्रह्मदेशाच्या बाजूला गेला आणि चव्वेचाळीस साली त्याच्याबद्दल तार आली, ती फक्त बेपत्ता एवढंच सांगणारी. हे सगळं चिंतामणला गल्लीतून कळलं. हवालदारांनी स्वतः कधी काढलं नाही.

त्यांची ओळख झाली ती एका अपमानातून. चिंतामण अंगणातल्या वाफ्याला झारीनं पाणी घालत होता. कुंपणापलीकडून आवाज आला.

"बाबूसाहेब, ते काय लावलंय?"

चिंतामणनं सांगितलं की झेंडू पेरला होता, तो उगवला आहे.

"झेंडू? ती सत्यानाशी आहे. पिवळा धोत्रा. पान मोडून बघा, हळदीसारखा चीक येतो की नाही. आठ दिवस बघतोय मी, लेकरासारखं पाजताय. कचेरीत फायलीपण अशाच पाळता काय, भिया?"

त्या दिवसापासून चिंतामणची शिकवणी सुरू झाली. लव्हाळ्याची काडी चिमटीत फिरवली की तिला तीन कडा लागतात, गवताची गोल लागते. लव्हाळा वरून उपटायचा नाही, खाली गाठींची माळ असते, एक गाठ राहिली तरी महिन्यात दहा होतात. काटेमाठ कोवळा असताना तांदुळजासारखा दिसतो, म्हणून बायका फसतात. हे सगळं हवालदार दोन पानांवरून सांगत. तिसरं पान येईपर्यंत थांबणारा माणूस त्यांच्या मते आळशी. सकाळचा गिरणीचा भोंगा झाला की ते खुरपं घेऊन बसत आणि अंगणातलं एकूण एक तण काढत. गुडघा वाकत नसे, म्हणून पाय बाजूला पसरून, सरकत सरकत. तण काढताना ते एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत. तण आपण होऊन येत नाही, कुणीतरी घेऊन येतं. वारा, पाखरू, बैलाचं शेपूट किंवा माणसाचा पाय. कोण घेऊन आलं ते कळलं की मग त्यांना बरं वाटे.

त्रेपन्न सालच्या पावसाळ्यात त्यांना असं एक रोप भेटलं जे त्यांना ओळखता येईना.

एका दुपारी त्यांनी चिंतामणला हाक मारून बोलावलं. आभाळ तीन दिवस उघडलं नव्हतं आणि अंगणात दिवसाढवळ्या तिन्हीसांजेसारखा उजेड होता. रोप वीतभर होतं. चौकोनी काडी, करवतीसारख्या कडांची पानं. चिंतामण म्हणाला, हे मीही कधी पाहिलं नाही.  हवालदारांनी काठीनं पुढं दाखवलं. तसंच दुसरं होतं. त्याच्यापुढं तिसरं. फाटकापासून सुरू होऊन ती रोपं बागेतून तिरपी, एक डावीकडं, एक उजवीकडं अशी, प्रतापरावांच्या खोलीच्या खिडकीपर्यंत गेली होती. मोजून अकरा. मध्ये कुठंही दुसरं नव्हतं.

"काठी धरा," हवालदार म्हणाले. काठीवर त्यांनी चाकूनं खूण केली होती. चिंतामणनं एका रोपापासून दुसऱ्यापर्यंत काठी टेकवली. खूण बरोबर जुळली. पुढच्यालाही जुळली.

"तीस इंच," हवालदार म्हणाले. "परेडचं पाऊल. मी स्वतः शिकवलं होतं त्याला, याच अंगणात." मग अगदी हळू, "येतानाची आहेत, बाबूसाहेब. जातानाची नाहीत."

चिंतामणला वाटलं की खिडकीकडं पाहू नये. तरी त्यानं पाहिलं. खिडकी बंद होती.

ही गोष्ट एवढ्यावरच राहिली असती, पण त्याच आठवड्यात शांता आली. आबांना देवासला न्यायचं, हे तिनं ठरवूनच आणलं होतं. गेल्या थंडीत ते न्हाणीत पडले आणि दूधवाला येईपर्यंत तसेच पडून होते. आणखी एक थंडी त्यांनी इथं एकट्यानं काढली तर ती त्यांना जिवंत पाहणार नाही, असं ती चिंतामणच्या बायकोजवळ, शालिनीजवळ, रडून बोलली. आणि आबा म्हणत होते, मी गेलो आणि तो आला तर त्यानं कुणाच्या दाराशी उभं राहायचं?

शांता चिंतामणच्या ओसरीवर येऊन बसली.

"भाऊजी, तुम्ही शिकलेले. ते तुमचं ऐकतात. ते झाड कुठलं ते एकदा पक्कं सांगून टाका त्यांना. इथलंच निघालं तर येतील माझ्याबरोबर, तसं कबूल केलंय त्यांनी."

चिंतामणचा शाळूसोबती बाळकृष्ण शेतकी खात्यात होता. चिंतामणनं एक डहाळी ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच्याकडं नेली. बाळकृष्णानं भिंग लावलं, जाड पुस्तक काढलं आणि सांगितलं की हे मुळात अमेरिकेकडचं, आता पूर्वेला फार आहे, आसाम, ब्रह्मदेश. छावण्यांच्या कडेनं तर रान माजलंय. याच्या बीला आकडे असतात, कपड्याला चिकटून कोसच्या कोस जातं. चिंतामणनं विचारलं, मग इंदुरात कसं येईल? बाळकृष्ण हसला. म्हणाला, कशातूनही. घोंगडीतून, गाडीच्या डब्यातून, सामानात भरतात त्या पेंढ्यातून.

पेंढा म्हटल्याबरोबर चिंतामणला सचिवालयातल्या पेट्या आठवल्या.

ग्वाल्हेरहून येणाऱ्या पेट्यांत दौती, कंदिलाच्या काचा, साहेबांच्या कपबश्या फुटू नयेत म्हणून पेंढा भरलेला असे. पेट्या रिकाम्या झाल्या की कारकून मंडळी तो घरी नेत, कुणी गाईला, कुणी बागेला. त्या एप्रिलात चिंतामणनं दोन पोती आणली होती आणि वाफ्यांवर पसरायला हवालदारांना दिली होती. हवालदारांनी ती पाटीत घालून त्याच फाटकातून खिडकीखालच्या वाफ्यापर्यंत वाहिली होती. पाऊल टाकलं की पाटी हिंदकळते, हिंदकळली की बी सांडतं. भरलेली पाटी जाते तेव्हाच सांडते, रिकामी परत येते तेव्हा नाही. म्हणून जातानाची पावलं नव्हती. म्हातारा आपलीच पावलं काठीनं मोजत बसला होता.

हे सांगायला चिंतामणला चार दिवस लागले. तो तसा भिडस्त माणूस, आणि कुणाच्या तोंडावर असं काही सांगण्याची त्याला सवय नव्हती. शेवटी शांतासमोर हवालदारांना, खाली बघत, अडखळत त्यानं सगळं सांगितलं. पेंढ्याचं, पाटीचं, ती हिंदकळण्याचं. चूक माझीच, असंही म्हणाला. शांतानं पदर डोळ्यांना लावला आणि ती सुटल्यासारखी हसली.

हवालदारांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मान हलवली. मग उठून पडवीतली पाटी घेतली, तिच्यात माती भरली, कमरेवर धरली आणि फाटकापाशी जाऊन उभे राहिले.

"मोजा," ते म्हणाले.

ते चालू लागले. दुखरा पाय पुढं, मग दुसरा त्याच्याजवळ ओढलेला, मग परत दुखरा. चिंतामण मनात मोजत होता. अकरा झाली तेव्हा ते बागेच्या मध्यावर, तुळशीच्या थोडे पुढं होते. खिडकीखाली पाटी टेकली तेव्हा एकोणीस झाली होती. एकही पाऊल कुठल्याही रोपापाशी पडलं नव्हतं.

"पलटणीतून आलो तेव्हापासून हाच गुडघा आहे," ते धापा टाकत म्हणाले. "एप्रिलातही हाच होता. तीस इंच टाकून आता चार वर्षं होतील. पेंढा तुमचा असेल, बाबूसाहेब, मी नाही कुठं म्हणतो? पण चाललं कोण?"

 शांतानं आत जाऊन आपली वळकटी बांधली. जाताना ती चिंतामणला एवढंच म्हणाली की तुम्हाला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. ती एकटीच देवासला गेली.

त्यानंतर हवालदार बागेतलं बाकी सगळं तण पूर्वीसारखंच काढत राहिले. ती अकरा मात्र त्यांनी ठेवली. त्यांच्या मुळाशी खुरपून स्वच्छ करीत, आळी करून देत. त्यांना पांढरी फुलं आली, मग काळ्या लांबट बिया, दोन-दोन काट्यांच्या. एका दुपारी हवालदार आत झोपलेले असताना चिंतामण फाटकातून आत शिरला. ती रोपं उपटून टाकावीत, म्हाताऱ्याला चार दिवस राग येईल, मग तो थंडीआधी लेकीकडं जाईल, असा त्याचा बेत होता. खिडकीपासून सुरुवात करावी म्हणून तो वाकला, आणि तिथं त्याला बारावं रोप दिसलं. दोनच पानांचं, कालपरवा उगवलेलं. ते जमिनीत नव्हतं. खिडकीच्या दगडी उंबऱ्याच्या फटीत, गजांच्या आतल्या बाजूला होतं.

तो तसाच मागं फिरला. आपल्या ओसरीवर येऊन बसला तेव्हा त्याच्या धोतराला बिया चिकटल्या होत्या. त्या एकेक काढून त्यानं चुलीत टाकल्या, आणि शालिनीलाही हे सांगितलं नाही.

डिसेंबरात ग्वाल्हेरला त्याला इंदूरहून शालिनीचं पत्र आलं. हवालदार गेले. पंधरा दिवस तापानं घराबाहेर पडले नव्हते, शांताला बोलावू का म्हणून विचारलं तर हातानंच नको म्हणत. सकाळी दूधवाल्यानं पाहिलं. प्रतापरावांच्या खोलीत खुर्चीवर बसलेले होते, खिडकी सताड उघडी, समोर दुसरी खुर्ची मांडलेली. मांडीवरच्या शालीला त्या काळ्या बिया अडकल्या होत्या, पुष्कळ. पुढं तिनं लिहिलं होतं, आदल्या दिवशी मी पेज घेऊन गेले होते, माझ्याच लुगड्याच्या असतील. आणि त्याखाली वेगळ्या शाईनं, मी तर फाटकाकडून गेलेच नव्हते, मागच्या दारानं गेले होते.

चिंतामणनं ते पत्र दोनदा वाचलं आणि कोटाच्या खिशात ठेवलं. हवालदारांना शाल होती, हेही त्याला त्या पत्रातूनच कळलं.

चिंतामण ग्वाल्हेरला निघाला होता त्या ऑक्टोबरच्या दिवशी टांगा दारात उभा होता. त्याला एकदा वाटलं होतं की कुंपणापाशी जाऊन म्हणावं, या थंडीत तरी शांताकडं जा. तो गेलाही. हवालदार नेहमीच्या जागी पाय पसरून बसले होते, हातात खुरपं. त्यांनी वर पाहिलं, आणि चिंतामणनं फक्त निघतो म्हणून सांगितलं.

"पाणी घेतलंत बरोबर?" हवालदारांनी विचारलं.

"घेतलंय. सुरई आहे."

"उज्जैनला परत भरून घ्या. गाडी थांबते तिथं चांगली."

"हो," चिंतामण म्हणाला, "घेतो."