काठावरून बोलावणारी माणसं

अख्ख्या पूर्णा तालुक्यात त्या सिनेमाला नावं ठेवणारा एकच इसम आहे, आणि तो नेमका माझ्या मावशीचा नवरा आहे. सिनेमा तसा साधाभोळा. आईबाप, पोरं आणि एक खोडकर माकड होडीत बसून खजिना शोधायला निघतात. पण होडी सुटते तो प्रसंग, माझ्या जन्माच्याही आधी, माझ्या आजोळच्या नदीवर चित्रित झालाय आणि निरोप द्यायला काठावर सारा गाव उभा आहे. त्यामुळे चुडाव्याच्या आसपास तो सिनेमा म्हणजे घरचं कार्य. दर पितृपक्षात दिवेलागणीला शाळेच्या भिंतीवर तो दाखवतात, कारण त्या गर्दीतली मोठी माणसं आता नाहीत. "आमचा आबा बघा, पटका कसा बांधलाय!" असा गलका होतो.

मावसा तेवढे भिंतीकडे पाठ करून बसत. चित्रीकरणाच्या वेळी शहरातल्या साहेबाने ओरडून सांगितलं होतं, निरोपाचे हात हलवा. आता आमच्याकडे निघालेल्या माणसाला 'जा' म्हणायची रीत नाही, 'या' म्हणतात. तेव्हा गावाने आपल्या समजुतीने तळवे खाली करून बोटं स्वतःकडे ओढली. साहेबाला तो निरोपच वाटला. पडद्यावर मात्र काठावर दाटीवाटीने उभी माणसं हसत हसत, आवाज न करता बोलावताना दिसतात.

"मेलेली माणसं बोलवायलेत, अन तुमी टाळ्या वाजवायलाव!" मावसा ओरडत. "पयले होडीकडं बघायचे. आता हिकडं बघायलेत." पाठ करून बसलेल्या माणसाला हे कसं कळतं, असं विचारलं की म्हणत, "पाठीला कळतंय." या धास्तीपायी स्टेशनवर कुणाला सोडायला गेले तरी ते हात काखेत दाबून उभे राहत. नातवाने फोनच्या पडद्यावर हात हलवला की म्हणत, "आधी हात खाली घाल, मंग बोल." पूर्णेला कंडक्टरने हाताने बोलावलं म्हणून त्यांनी एसटी सोडून दिली होती. मावशी म्हणायची, "ह्यांला यमानं बोलावलं तरी हे वाद घालतेत बघा."

मावशीही त्या गर्दीत आहे. परकर-पोलक्यातली पोर, पहिल्या रांगेत.

यंदा उन्हाळ्यात ती गेली. तेव्हापासून मावसांचं जेवणावरचं मन उडालं. चतकोर भाकरी मोडायची आणि ताट सरकवायचं. सिनेमाच्या दिवशी त्यांना घरातच थोपवायचं म्हणून मी परभणीहून मुद्दाम गेलो, तर हे धुतलेलं धोतर नेसून सगळ्यांच्या पुढे, भिंतीकडे तोंड करून बसलेले!

होडी सुटली. नेहमीचा गलका झाला आणि मावशी दिसताच एकदम थांबला. ती हसत होती, बोटं ओढत होती आणि, मी शपथेवर सांगतो, होडीकडे बघत नव्हती. मावसा उठून उभे राहिले. मी घाबरून त्यांच्या धोतराचा सोगा धरला.

"थांब जराशी," पंजा उभा धरून ते तिला म्हणाले. "सोयाबीन काढायचं हाय अजून. मंग येतो."

कुणी हसलं नाही. मला रडू आवरेना. मावशी मात्र होडी वळणाआड जाईपर्यंत बोलावतच राहिली.

घरी येऊन मावसा पोटभर जेवले, ठेचा मागून घेतला. सकाळच्या गाडीने मी परत निघालो. पिंगळी येईपर्यंत रुळाच्या दोन्ही अंगांना सोयाबीन पिवळं पडत आलेलं दिसत होतं. यंदा ते इतक्या लवकर पिकायला नको होतं.